रोपातीचा गळा

कीबोर्ड घ्यायचा ठरला तेव्हा सामोआतल्या फालेलाऊ गावात ज्याला त्याला कीबोर्डातलं कळायला लागलं. चर्चमध्ये गाणारे बापे म्हणाले, तालाची बटणं असलेला घ्या, एक बटण दाबलं की ढोल सुरू, म्हणजे ढोलवाल्याची मनधरणी नको. बायका म्हणाल्या, लांबलचक घ्या, फोटोत भरून दिसतो. पाद्रीबुवांना सुरातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण खाऱ्या वाऱ्याने गंजणार नाही असा घ्या, एवढं तेही सांगून गेले. खरं तर सगळ्यांत शहाणं बोलणं त्यांचंच होतं.

ज्याच्यासाठी घ्यायचा तो रोपाती मात्र गप्प होता. गप्प म्हणजे अगदी खरोखरचा गप्प. वीस वर्षं त्याने गावाचं गाणं पुढे होऊन म्हटलं होतं. त्याने पहिली ओळ उचलली की समुद्रावरची माणसंसुद्धा वल्ही थांबवायची. मग घशात गाठ निघाली, ऑकलंडला नेऊन शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला आणि आवाज गेला. आता कानाशी तोंड नेलं तर कुजबूज ऐकू यायची, तीही वाळक्या पानांवरून कोणी चालल्यासारखी. ती कुजबूज नीट समजायची फक्त त्याच्या बायकोला, सालाफाईला.

ऑकलंडचा भाचा केलेमेते हा फोनवरचा सल्लागार. दिवसा मालाचा ट्रक चालवायचा, शनिवारी लग्नांत कीबोर्ड वाजवायचा, आणि उरलेल्या वेळात उंटावरून शेळ्या हाकायचा. पण मामावर त्याचा जीव होता. त्यानेच हे नवीन वाद्य शोधून काढलं. ह्याची पट्टी नुसती दाबली जात नाही. बोट आडवं हलवलं की सूर हलतो, जोर वाढवला की फुगतो, हलकेच सोडला की विरत जातो. माणूस गाताना जे गळ्याने करतो ते इथे बोटाने करायचं.

"पण मामी, नीट ऐक," त्याने सालाफाईला सांगितलं होतं. "ह्यात ताल नाही. स्पीकरही नाही, तो वेगळा. पट्ट्या थोड्या. कंपनी लहान, उद्या बुडाली तर दुरुस्तीला कुत्रं विचारणार नाही. आणि ह्याच्या आतली जी अक्कल असते ना, फर्मवेअर म्हणतात तिला, ती कंपनीवाले अधूनमधून नवी पाठवतात. ती भरावी लागते."

"आणि नाही भरली तर?"

"तर जुन्या अकलेवर चालेल. तुझ्या सासूसारखं."

सालाफाईने फोन कानापासून लांब धरला, कारण सासूबाई शेजारीच नारळ खोवत बसल्या होत्या. फुआतिनोबाईंचं ऐंशी पार झालं होतं, पण कान तिखट. त्यांनी मान वर न करता विचारलं, "काय म्हणतोय तो ट्रकवाला?" ती म्हणाली, पट्ट्या थोड्या आहेत म्हणतो. बाई म्हणाल्या, "गळ्याला तरी कुठे पट्ट्या असतात?" आणि घरापुरता खरेदीचा प्रश्न तिथेच सुटला. नातेवाइकांनी वर्गणी काढली, बोटीतून खोकं आलं, सोबत केलेमेतेचा जुना लॅपटॉप आला. तालाची बटणं नाहीत म्हणून बापे महिनाभर कुरकुरले, मग पदरी पडलं पवित्र झालं म्हणून सोडून दिलं.

रोपातीने त्या वाद्याशी काय केलं ते फक्त सालाफाईने पाहिलं. कारखान्यातून भरून आलेले आवाज त्याने एकेक ऐकले आणि बाजूला सारले. मग तो स्वतःचा आवाज शोधायला बसला. त्याच्या एकट्याच्या गाण्याचं रेकॉर्डिंग कोणाकडेच नव्हतं. जे होतं ते तीस जणांच्या गजराचं, आणि त्यातून एकाचा गळा वेगळा काढणं म्हणजे रश्शातून मीठ वेचणं. तेव्हा त्याला होता फक्त आठवणीचा आधार. शस्त्रक्रिया ताजी होती, आवाज अजून कानात होता. रोज कोकोचा कप थंड होईपर्यंत तो एकेक गोल बटण केसभर फिरवायचा, मान हलवायचा, परत फिरवायचा. पावसाळा गेला, ब्रेडफ्रूटचा बहर गेला.

मग एका रविवारी चर्चमध्ये त्याने पट्टीवर बोट ठेवलं आणि पहिली ओळ उचलली. शब्द नव्हते, पण सूर त्याचाच होता. वरच्या स्वरावर जाताना तो किंचित खरखरायचा, तेही होतं. फुआतिनोबाई पुढच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांनी शेजारणीला मोठ्याने सांगितलं, "हा माझा रोपाती." पाद्रीबुवांनी त्या दिवशी प्रवचन आखडतं घेतलं, आणि गावाने दोन्ही गोष्टींसाठी देवाचे आभार मानले.

तेव्हापासून म्हातारी त्या वाद्याला रोपातीचा गळाच म्हणायची. रोज सांजेला तो वाजवत बसायचा तो सा होईपर्यंत. मराठी कानाला सा म्हटलं की गाणं सुरू होतं. सामोआतला सा सुरू झाला की सगळं थांबतं. शंख फुंकला जातो, गावातली तरणी पोरं रस्त्याच्या कडेला पहाऱ्याला उभी राहतात, कोणी हिंडत नाही, बोलत नाही, घरोघर चटईवर बसून प्रार्थना होते. शंख ऐकला की फुआतिनोबाई आपल्या ठरलेल्या खांबाशी बसायच्या, खांबावरचं विजेचं बटण बंद करायच्या आणि हळूच म्हणायच्या, "झोप आता. दमलास." वाद्याचा दिवा विझायचा. गळ्याला विश्रांती हवी, हे त्यांना कुठल्या भाच्याने शिकवायला नको होतं.

अडचण निघाली ती एका खोडीतून. पट्टीवरचं बोट उचललं तरी एखादा सूर मागे रेंगाळायचा. घरात ते चालून गेलं, पण एका रविवारी पाद्रीबुवांचं आमेन झालं, लोकांचं आमेन झालं, आणि रोपातीचा सूर काही थांबेना. पोरं फिदीफिदी हसली. रोपाती खाली मान घालून बसला. मुलांचा रविवार जवळ आला होता, सगळ्या गावची लेकरं पांढऱ्या कपड्यांत गाणार होती आणि त्याला साथ करायची होती. केलेमेते म्हणाला, ही खोड कंपनीला ठाऊक आहे, नव्या फर्मवेअरमध्ये काढून टाकलीय, भरून घ्या. आधी मामाचा आवाज लॅपटॉपवर उतरवून ठेवा म्हणाला. ते करायला गेले तर लॅपटॉप वाद्याला ओळखच दाखवेना. दोन दिवस खटपट झाली.

"राहू दे मग, मामी," शेवटी तो म्हणाला. "अपडेट पूर्ण झालं तर आतल्या आवाजांना धक्का लागत नाही. फक्त मधे वीज जाता कामा नये. मधे गेली तर मात्र मी काही करू शकणार नाही."

सालाफाईने ते मनावर घेतलं. विजेच्या मीटरमध्ये पैसे भरून आली. वारा नाही असा दिवस निवडला. शेजाऱ्यांना इस्त्री लावू नका म्हणून सांगून आली, कारण त्यांची इस्त्री लागली की अर्ध्या वाडीचे दिवे मिणमिणत. मांजराला बाहेर हाकललं. दुपारचं जेवण झाल्यावर वाद्याला फोनच्या इंटरनेटवरून थेट फाइल उतरवायला लावली, पण बेटावरचं इंटरनेट ते, त्याला कसली घाई. ऊन कलल्यावर कुठे वाद्याने ती गिळायला सुरुवात केली. छोट्या पडद्यावर एक पांढरी रेघ सरकू लागली. खाली इंग्रजीत लिहिलं होतं, बंद करू नका. सालाफाईने सगळ्या जगाचा बंदोबस्त केला होता. घरात रोज होणाऱ्या गोष्टीचा मात्र विचार केला नव्हता, कारण रोजची गोष्ट कोणाच्या लक्षात राहते?

रेघ पाऊण वाट चालून गेली आणि शंख वाजला.

सालाफाई चुलीच्या बाजूला होती, ती होती तिथेच चटईवर टेकली. रोपाती समोरच्या टोकाला, घरच्या कर्त्याच्या जागी. फुआतिनोबाई आपल्या खांबाशी बसल्या. लुकलुकत्या दिव्याकडे पाहून त्या मायेने हसल्या आणि त्यांचा हात वर गेला.

रोपातीने तो हात पाहिला. त्याने तोंड उघडलं. त्याच्या मानेच्या शिरा ताठ झालेल्या सालाफाईला तिथून दिसल्या, आणि ओठांतून वारासुद्धा बाहेर आला नाही. त्याने तिच्याकडे पाहिलं. घरात आता आवाज होता तो फक्त तिच्याकडे.

आई, हा शब्द तिच्या जिभेवर आला होता. पण शंख वाजून गेला होता. शंखानंतर बोलायचं नाही, हे तिला चालता येण्याच्या आधीपासून माहीत होतं. बाहेर रस्त्यावर पोरं उभी होती, समोर सासू होती, वर देव होता. अर्धा श्वास ती थांबली. बटण बंद झालं.

"झोप आता," म्हातारी पुटपुटली. "दमलास."

पुढे प्रार्थना झाली, कारण ती व्हायचीच असते. आधी गाणं. फुआतिनोबाईंनी थरथरत्या आवाजात ओळ उचलली आणि सालाफाईला मागून म्हणावी लागली. विझलेला पडदा समोर, आणि तोंडाने देवाची स्तुती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. रोपाती रोजच्यासारखे ओठ हलवत होता. मग म्हातारीने डोळे मिटून, कोणाकोणाची नावं घेत, सगळ्या गावासाठी मागितलं, ऑकलंडच्या ट्रकवाल्यासाठी मागितलं, आणि शेवटी म्हणाली, "आणि देवा, माझ्या लेकराच्या गळ्याला जप." आमेन म्हणताना सालाफाईला रडू फुटलं. म्हातारीला वाटलं, सून भक्तीने रडतेय. तिने तिचा हात थोपटला.

बटण पुन्हा लावलं तेव्हा वाद्य एक पांढरा दिवा लावून नुसतं बघत राहिलं. केलेमेतेने फोनवर दोन बटणं एकदम दाबून धरायला सांगितली, मग तीन, मग कंपनीला लिहिलं. वरातीमागून घोडं यावं तसं उत्तर आलं. वाद्य जिवंत होईल, अशी अशी रीत आहे, पण आत साठवलेलं सगळं पुसलं जाईल. आपण समजून घ्याल अशी आशा आहे. त्यांनी रीत केली, दुसरं करण्यासारखं होतं काय? वाद्य जिवंत झालं. सूर रेंगाळण्याची खोड अगदी मुळासकट गेली होती. कारखान्याचे आवाज ओळीने हजर होते, आणि जिथे रोपाती असं नाव होतं तिथे रिकामी चौकट होती.

म्हातारीला कोणी काही सांगितलं नाही. सांगून तिच्या हातात काय दिलं असतं?

रोपाती पुन्हा बसला. पहिल्या दिवशी बराच वेळ, दुसऱ्या दिवशी त्याहून जास्त. बटण फिरवायचा, ऐकायचा, थांबायचा. पूर्वी तो मान हलवायचा, हे नाही म्हणून. आता मानही हलेना. सालाफाईने जवळ जाऊन कान त्याच्या तोंडाशी नेला.

"मला आठवत नाही," तो कुजबुजला. "आठवायला गेलो की वाद्यातलाच ऐकू येतो. जो पुसला तोच, तोही पुसट. त्याच्या मागचा मी ऐकूच येत नाही. तू सांग ना, कसा होता?"

सालाफाईने डोळे मिटले. लग्नाआधी हाच आवाज ऐकायला ती वळसा घालून चर्चला जायची. तिने खालच्या पट्टीत ती ओळ म्हणून पाहिली, तो म्हणायचा तशी. वर जाताना खरखर आणायला गेली तर खोकला आला. तिच्याही कानात वाद्याचाच सूर होता. तिने मान हलवली, हेही नाही म्हणून.

तेवढ्यात शंख वाजला. दोघं उठून आपापल्या जागी गेली. फुआतिनोबाई खांबाशी बसल्या आणि त्यांचा हात बटणाकडे गेला.

"आई, थांबा," सालाफाई म्हणाली. चांगलं मोठ्याने म्हणाली. रस्त्यावरच्या पोरांनी वळून घराकडे पाहिलं. "बंद करू नका. राहू दे तो दिवा."

म्हातारीचा हात हवेतच राहिला. साच्या वेळी ह्या घरात कोणी मोठ्याने बोललेलं तिने आजवर ऐकलं नव्हतं. तिने सुनेकडे पाहिलं, मुलाच्या खाली गेलेल्या मानेकडे पाहिलं, मग बराच वेळ त्या दिव्याकडे. इतक्या दिवसांत वाद्यातून लेकाचा सूर का आला नव्हता, हे तिने विचारलं नव्हतं. विचारलं नव्हतं म्हणजे कळलं नव्हतं असं नाही.

"बोलता येतं होय तुला," ती हळूच म्हणाली. "मग त्या दिवशी का गप्प बसलीस, पोरी?"

म्हातारीने हात मांडीवर घेतला आणि ओळ उचलली.