माझ्या उजव्या दारातली पुट्टी

मी एक जुना पिकअप ट्रक आहे. मित्रांनो, माझ्या बोलण्यावर किती विश्वास ठेवावा, हे तुम्हीच ठरवा. मला स्वतःलाच खात्री नाही.

अमेरिकेत नेब्रास्कातल्या हॉफमन कुटुंबाच्या शेतावर मी गवताचे भारे, वासरं, तुटलेले पंप, सगळं वाहिलं. माझी चावी कधी काढलीच गेली नाही. ज्याला गरज असेल त्याने मला न्यावं, ही तिथली रीतच. माझ्या शेजारी लाल स्पोर्ट्स कार चादर पांघरून उभी असे. तिची चावी अर्विन हॉफमन खिशात ठेवी. मला तिचा पहिल्यापासून संशय होता. इतकं चकचकीत अंग खरं असेल का?

यंदा अर्विन आणि त्याची बायको लोरेटा गावातल्या लहान घरात राहायला निघाले. तिथे एकाच गाडीची जागा. आम्हा दोन गाड्यांपैकी एक विकायची ठरली. खरेदीदार आला, त्याच्या हातात पत्रा अस्सल आहे का हे तपासायचं लोहचुंबक होतं. ते लाल गाडीला चिकटेना. मी मनात म्हटलं, पकडली!

"हिचं अंग फायबरचंच असतं," तो म्हणाला. "अस्सल आहे."

मग तो माझ्याकडे वळला. चुंबक सगळीकडे टकाटक बसलं. उजव्या दाराखाली मात्र निसटून पडलं.

"मिस्टर हॉफमन, इथे पुट्टी भरलीय. ट्रक कशाला तरी धडकलाय."

"माझा ट्रक? शक्यच नाही!"

लोरेटा दारातूनच म्हणाली, "शक्य आहे. फाटकाच्या खांबाला."

"कुठल्या खांबाला?"

"तू गुरांच्या बाजाराला गेला होतास तेव्हा पडलेल्या. मी गाडी शिकत होते. पोचा मीच भरला, रंगही मीच दिला."

अर्विन मटकन माझ्या मागच्या फळीवर बसला. "तो खांब शेजारच्या मर्लच्या ट्रॅक्टरने पाडला असं मी एकतीस वर्षं धरून चाललोय! तू बोलली का नाहीस?"

"आधी तुला घाबरले. मग तू मर्लवर इतका फुगून बसलास, की खरं सांगायची लाज वाटायला लागली."

आमच्या रस्त्यावर समोरून कुणी आलं, की नमस्कारादाखल स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलतात. मर्ल रोज उचलायचा. अर्विनची बोटं मात्र हलायची नाहीत. मला सगळं ठाऊक होतं, तरी मी मूग गिळून बसलो आणि संशय घेत राहिलो तो त्या लाल गाडीचा.

"मग ट्रक नेऊ का?" खरेदीदाराने विचारलं.

"ट्रक माझा आहे," लोरेटा म्हणाली. "तुझ्या लाल राणीला कधी हात लावू दिलास मला?"

अर्विनने खिशातून चावी काढली आणि खरेदीदाराच्या हातावर ठेवली. लाल गाडी गेली. जाताना तिने माझ्याकडे पाहिलं की काय, कोण जाणे.

लगेच आम्ही तिघे मर्लकडे निघालो. वळणावर समोरून त्याचाच ट्रॅक्टर आला. अर्विनने दोन बोटं उचलली. मर्लने आधी मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

मित्रांनो, जुन्या गाड्यांना जपा, दारंही तपासा. पण चुंबक आधी स्वतःला लावून पाहा. मर्लने ट्रॅक्टर थांबवला होता, आणि अर्विन माझं दार उघडून खाली उतरत होता.