मुद्दाम बेसूर

अमेरिकेतल्या मेम्फिस शहराबाहेरच्या हमरस्त्यावर मिस ओपलचं गहाणाचं दुकान. कुणाची अंगठी, कुणाचं गवत कापायचं यंत्र, कुणाची बंदूक. आणि विकायला भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या गिटारी, न्यायला कुणी न आलेल्या माहेरवाशिणींसारख्या मुक्या.

हॉलिसला त्यातली एक हवीच होती. शनिवारी त्याच्या डार्लीनचं लग्न. बाप वाजवणार, त्या सुरावर लेक आईचा हात धरून चालत येणार, हे ती लहान असल्यापासून ठरलेलं. आणि परवाच होणारे व्याही त्याच्या गिटारीवर बसले. माणूस प्रेमळ, पण भारदस्त. गिटारीची मान मोडली.

मधाच्या रंगाची एक त्यानं खाली काढली, खुंट्या पिळून सूर लावला, एक तार हलकेच छेडली. आतून गलबललं. तोंड मात्र त्यानं लिंबू चावल्यासारखं केलं. गहाणाच्या दुकानात वस्तू आवडल्याचं दिसलं की भाव चढतो, हे तिकडे शेंबडं पोरही जाणतं.

मग त्यानं ती वाजवली. वाजवली कसली, छळली.

"मान वाकडी आहे हिची, मिस ओपल."

"तुझ्यापेक्षा सरळ आहे."

"अन् आवाज? नुसता पत्रा!" म्हणत त्यानं आणखी खणखणाट केला.

मिस ओपलचा जन्म चर्चमध्ये वाजवण्यात गेलेला. तिला ऐकवेना. "अरे, मांजर सोलतोयस का? आण इकडे!"

तिनं गिटार मांडीवर घेतली आणि बोटं फिरली. टीव्ही गहाण ठेवायला आलेला माणूस टीव्ही कवेत धरूनच थांबला. गाणं संपलं, तशी मिस ओपल गिटारीकडे बघतच राहिली.

"माझ्याच भिंतीवर होतीस, अन् मला पत्ता नाही गं बाई!" किमतीची चिठ्ठी तोडून तिनं खिशात घातली. "ही विकायची नाही."

"अहो, पण मला..."

"तुला पत्रा कशाला हवा?"

हॉलिस घायकुतीला आला. "खोटं बोललो. येतं मला वाजवायला."

"सगळे हेच म्हणतात."

त्यानं गिटार मागून घेतली, डोळे मिटले आणि लेकीची चाल वाजवली. एकही सूर चुकला नाही. शेवटचा स्वर विरला तेव्हा मिस ओपल खिडकीबाहेर काहीतरी शोधत होती.

"कुणासाठी रे?"

"लेकीचं लग्न आहे. शनिवारी."

"मग आधी बोलायला काय झालं होतं, गाढवा? लेकीच्या लग्नासाठी मी भाव पाडला असता!"

"मग आता पाडा की."

"आता कसा पाडू? आता ऐकलीय ना मी!"

हॉलिसनं पुरते पैसे मोजले, वर लग्नाचं आवतणही द्यावं लागलं. शनिवारी डार्लीन त्या सुरावर चालत आली, रडली, हसली. केक कापताना मिस ओपलनं "जरा बघू" म्हणत गिटार घेतली आणि रात्रीपर्यंत मांडव नाचवला.

मिस ओपल निघताना हॉलिसला गिटार तिच्या गाडीच्या मागच्या सीटवरून उतरवून घ्यावी लागली.