रोजची पाच वाक्यं

मास्तरीणबाई तोंडी परीक्षेत नापास झाल्या, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं वाचताना तुम्ही उगीच आशा लावून बसाल. त्या नापास झाल्या, आणि कधी नव्हे त्या भडकल्या. भडकायचं कुणावर, एवढंच ठरायचं होतं.

मास्तरीणबाई हे अर्थात त्यांचं नाव नव्हे. आपल्या मुलखात बावीस वर्षं त्या कटिंग मास्तर होत्या. हाताखाली चौदा शिंपी. तागा टेबलावर पसरला की किती शर्ट निघतील ते टेप न लावता सांगायच्या आणि पाव मीटरही इकडचं तिकडे व्हायचं नाही. नवरा गेल्यावर लेकीनं आपल्याकडे परदेशात बोलावून घेतलं, म्हणून तीन वर्षांपूर्वी त्या इथं आल्या. घरात बसून राहणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पाच महिन्यांत त्यांनी दवाखान्यांचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात काम मिळवलं. काम काय, तर ओव्हरलॉकच्या मशीनवर बसून दुसऱ्यानं कापलेल्या कापडाच्या कडा बांधायच्या. तो दुसरा कापायचा कसा, ते बाईंना बघवायचं नाही. दर ताग्यामागे दीड-दोन मीटर कापड केराच्या पिशवीत जायचं.

मग तो कापणारा निवृत्त झाला. मालकानं बाईंना एक फर्मा लावून दाखवायला सांगितलं, त्यांचा हात बघितला आणि लेकीला फोन करून म्हणाला, "कामाबद्दल मला शंका नाही. पण कापायच्या टेबलावरच्या माणसाला सगळ्यांना सूचना द्याव्या लागतात, गिऱ्हाइकांशी फोनवर बोलावं लागतं. भाषेच्या तोंडी परीक्षेचा दाखला आणा, टेबल तुमच्या आईचं."

बाईंना वाटलं, हे तर हातातलं काम. कारण भाषा शिकायची म्हणून त्यांनी जी शिस्त लावून घेतली होती, ती बघून एखाद्या विद्यार्थ्यानं कान धरले असते. कामाच्या वेळांमुळे शिकवणीला जाणं शक्य नव्हतं. लेक म्हणाली होती, "आई, थोडं शीक, पण रोज." बाईंनी तो शब्द धरला. रोज म्हणजे रोज. कारखान्यात आपल्याशी कुणी जे बोलेल त्यातली पाच वाक्यं दिवसभर डोक्यात धरून ठेवायची. संध्याकाळी हातपाय धुतले की वहीत उतरवायची. सकाळी दात घासताना पाचही मोठ्यानं म्हणायची. जिना उतरताना पायरीला एक आकडा. बस येईपर्यंत दुकानांच्या पाट्या. जेवणाच्या सुट्टीत कुणाला तरी एक प्रश्न विचारायचाच, उत्तर माहीत असलं तरी. ताप आला त्या दिवशीही त्यांनी अंथरुणातून लेकीला वही मागितली. दोन वर्षं सात महिन्यांत एकही दिवस चुकला नाही. सहा वह्या भरल्या.

परीक्षेला त्या इस्त्रीची साडी नेसून गेल्या आणि अजिबात अडखळल्या नाहीत. समोर दोन परीक्षक होत्या. "तुमच्या कामाबद्दल सांगा," असं विचारल्यावर बाईंनी दणदणीत आवाजात सुरुवात केली. त्या इथल्या भाषेत जे बोलल्या ते आपल्याकडे आणलं तर असं होईल: "मी मशीन. मशीन जलद जलद. बाई बोलते तू कर, मी करते. कापड छान, बाई खूश. कापड वाईट, बाई नाही खूश."

परीक्षकांनी एकमेकींकडे पाहिलं. बाईंना वाटलं, आवडलं. त्यांनी आणखी दहा मिनिटं असंच न थांबता सांगितलं. एकीनं हसून विचारलं, कुठं शिकलात? बाईंनी अभिमानानं पिशवीतून सहावी वही काढून पुढं ठेवली. त्या परीक्षकेनं दोन पानं वाचली, चार पानं वाचली आणि तिचं हसू मावळलं. ती उठली, बाहेर बसलेल्या लेकीला आत घेऊन आली आणि तिच्याशी भराभरा बोलू लागली. बाईंबद्दल, बाईंच्या समोर, बाईंना वगळून.

"काय म्हणाली?" बसमध्ये बाईंनी विचारलं.

"पुन्हा तीन महिन्यांनी या म्हणाली."

"ते कळलं मला. एवढा वेळ ती एवढंच बोलत होती? सगळं सांग."

लेकीनं खिडकीबाहेर बघत सांगितलं. "ती म्हणाली, तुझी तयारी उत्तम आहे. पाठ करायचं ते सगळं पाठ आहे. पण तुझ्याशी लोक तान्ह्या पोराशी बोलावं तसे बोललेत. तू ते जसंच्या तसं उचललंस. इथं असं कुणीच बोलत नाही, आई. म्हणजे मोठी माणसं एकमेकांशी बोलत नाहीत."

घरी येऊन बाईंनी सहाही वह्या टेबलावर मांडल्या आणि पहिल्या पानापासून बघायला घेतलं. "तू ये." "तू उद्या लवकर." "हे छान, हे वाईट." "पाणी तिकडे." "तू खूश?" पानामागून पान तेच. कारखान्यात बाया आपापसात बोलताना वेगळंच बोलायच्या, लांबलचक, वळणावळणाचं; ते बाईंच्या कानावर रोज पडायचं आणि अलीकडे बरंचसं कळायचंही. पण त्यांना वाटायचं, ती यांची आपापसातली गडबड. आपल्याशी बोलतात ती चाळून घेतलेली, स्वच्छ भाषा. म्हणून त्यांनी वहीत तेवढीच लिहिली. माणसानं मेहनत घ्यावी ती किती, आणि कशावर! सवय इतकी पक्की लावली की चूकसुद्धा दगडासारखी पक्की झाली. दोन वर्षं सात महिने!

दुसऱ्या दिवशी त्या कारखान्यात गेल्या त्या थेट मुकादमीणबाईंसमोर उभ्या राहिल्या. ही मुकादमीण म्हणजे चाळिशीची, अंगानं भरलेली, मनानं वाईट मुळीच नाही. सगळ्यात जास्त वाक्यं तिचीच होती वहीत.

"तू मला असं का बोलते?" बाईंनी इथल्या भाषेत विचारलं. दुसरं येत कुठं होतं? "तू हिला बोलते मोठं. मला बोलते छोटं. का?"

मुकादमीण आधी गोंधळली. मग तिला उमगलं आणि ती मनापासून हसली. "तू समज म्हणून!" ती म्हणाली. मग शेजारच्या काजं-बटणवालीकडे वळून पूर्ण वेगात म्हणाली, "हिनं नीट बोलायला सुरुवात केली तर मजाच जाईल गं. ही असं बोलते तेच किती गोड वाटतं."

दोघी-तिघी हसल्या, मायेनं. एकीनं बाईंच्या खांद्यावर थोपटलंही.

बाईंना ते वाक्य अख्खं कळलं. त्यांच्या डोक्यात जाळ झाला. इथल्या भाषेत सांगायला त्यांच्यापाशी "वाईट" आणि "नाही खूश" याशिवाय काही नव्हतं, म्हणून त्यांनी मराठीचं तोंड उघडलं.

"गोड? मी गोड? बावन्न वर्षांची बाई आहे मी! चौदा शिंप्यांना उभं-आडवं फैलावर घेतलंय या तोंडानं. तुमचा तो कापणारा रोज कापडाची माती करत होता ते मला पहिल्या दिवशी दिसलं होतं, पण सांगणार कशी? तुम्ही मला शब्द कुठले दिलेत? ये, जा, छान, वाईट! कुत्र्याला देतात तेवढे दिलेत! आणि मी वेडी, ते रोज सकाळी घोकत बसले! तुम्हाला माझी मजा वाटत होती आणि मला वाटत होतं, माझी प्रगती होतेय!"

मशीनं थांबली. कुणाला एक अक्षर कळलं नाही, पण या बाईला एवढं बोलता येतं हेच सगळ्यांना नवीन होतं. मुकादमिणीचा चेहरा उतरला. मालक त्याच्या खोलीतून बाहेर आला. परीक्षेचं लेकीनं त्याला फोनवर कळवलंच होतं. त्यानं काय झालं ते विचारलं आणि मग तीन बोटं वर करून बाईंना म्हणाला, "तीन महिने. टेबल थांबेल. मग दुसरा माणूस." तोही तसाच बोलला. बाईंनी कपाळावर हात मारून घेतला आणि जाऊन मशीनवर बसल्या.

संध्याकाळी जेवताना त्या पुन्हा पेटल्या. लेक ऐकत होती, जावईही ऐकत होता. जावई इथलाच. टपाल वाटायचं काम करतो, सरळ माणूस. बाई आल्या त्या दिवसापासून त्यानं ठरवलं होतं की सासूशी मराठीच बोलायचं, आणि तो ते हट्टानं पाळत आला होता. नाहीतर घरातल्या घरात बाईंना मास्तर मिळाला नसता का? पण नवरा-बायकोचं आपापसातलं इथल्या भाषेत आणि सासूशी मराठीत, अशी वाटणी पडून गेली होती.

"आणि वर मला म्हणतात गोड!" बाईंनी ताट बाजूला सारलं. "जेवणच जात नाही मला."

जावयानं ताट पुन्हा त्यांच्यापुढे सरकवलं. "आई, तू राग नको," तो म्हणाला. "बाई वाईट. तू छान. तू जेव, हां? भाजी छान. जेव जेव."

बाईंचा चेहरा निवळला. त्या लेकीकडे वळल्या. "बघ, किती गोड बो–"

लेक ताटात बघत होती.

"हां? छान?" असं विचारायची सवय कुणाची होती? "तू बस. तू जेव. जेव जेव." तीन वर्षं या घरात असं बोलत कोण होतं? त्याला सोपं जावं म्हणून, त्याला कळावं म्हणून. आणि तो तसं बोलला की फोन हातात धरून, "ऐक ऐक, आमचे जावई काय म्हणतायत," असं भावाला कोण ऐकवत होतं?

"ते वेगळं," बाई लेकीला घाईघाईनं म्हणाल्या. "मी मायेनं बोलते."

"त्याही मायेनंच बोलतात, आई."

"तू मला तीन वर्षांत एकदा तरी सांगायचंस!"

"तू ऐकलं असतंस? आणि खरं सांगू? मलाही मजा वाटायची."

"काय?" जावई म्हणाला. "काय मजा?"

आता गप्प बसून भागणार नव्हतं. लेकीनं त्याला त्यांच्या भाषेत, खाली मान घालून, सगळं समजावून सांगितलं. परीक्षक काय म्हणाली, मुकादमीण काय म्हणाली, आणि या घरात काय चाललं होतं. ऐकता ऐकता त्याचे कान लाल झाले. त्यानं चमचा खाली ठेवला, खुर्ची मागं सरकवली आणि सासूकडे तोंड करून, आयुष्यात पहिल्यांदा, तो तिच्याशी स्वतःच्या भाषेत बोलला. पूर्ण वेगात.

"तीन वर्षं मी रोज सकाळी टपाल वाटताना तुमची वाक्यं घोकतो. प्रत्येक दाराशी एक. तुमच्या भावाशी फोनवर बोलायचो तेव्हा पलीकडून हसण्याचा आवाज यायचा, आणि मला वाटायचं, मी त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोललो म्हणून माणसं आनंदली. मी माझ्या मित्रांना सांगायचो की मला मराठी येतं. तुम्हाला अडीच वर्षांचा एवढा राग आला, सगळा कारखाना तुम्ही डोक्यावर घेतलात. मग मी आता काय डोक्यावर घेऊ? मी तुमचा जावई आहे. तुमच्या घरात पाळलेलं मांजर नाही!"

लेक "अरे, हळू बोल, तिला कळणार नाही," असं म्हणायला गेली.

"कळतंय मला," बाई म्हणाल्या. आणि खरंच कळत होतं. असं लांब, रागाचं, वळणावळणाचं, मोठ्या माणसानं मोठ्या माणसाशी बोलावं असं या देशात त्यांच्याशी अजून कुणी बोललं नव्हतं, आणि बोललं ते हे. सकाळी मुकादमिणीला जे जे ऐकवलं होतं, ते सगळं आता त्यांच्याच पुढ्यात येऊन बसलं होतं. त्यांना लाज वाटली, आणि राग तर अजून उतरलाच नव्हता.

जावई थांबला नव्हता. बाईंच्या एका भाच्याच्या लग्नात त्यानं मराठीत केलेल्या भाषणाचं काढलं, बाकीच्या भाच्यांनी केलेल्या त्याच्या नकलांचं काढलं. बाई ऐकत राहिल्या. जावयाचं इतकं ऐकून घेणारी सासू त्यांच्या सात पिढ्यांत झाली नसेल. फक्त एकदा त्यांनी हात वर केला.

"थांब," त्या त्याच्या भाषेत म्हणाल्या. "हे शेवटचं. त्यात एक शब्द नाही कळला. पुन्हा बोल."

लेकीनं सोपं करून सांगायला तोंड उघडलं. बाईंनी डोळे वटारून तिला गप्प केलं.

जावयानं एक क्षण सासूकडे पाहिलं. मग त्यानं ते वाक्य पुन्हा म्हटलं, तितक्याच रागानं, आणि त्यातला एकही शब्द गाळला नाही.