थर्मासातला भात

आगीत आई गेल्यावर तीन आठवड्यांनी अण्णा थोरल्या मुलीकडे राहायला आले. सोबत एकच पिशवी होती. घरातलं बाकी सगळं, अण्णांच्या पुस्तकबांधणीच्या सामानासकट, त्याच आगीत गेलं होतं.

थोरली एकटी राहायची. एक खोली, कोपऱ्यात ओटा, ओट्यावर विजेची शेगडी. ती ज्या लाँड्रीत कामाला होती तिथे इस्पितळांच्या चादरी धुवायला येत. सकाळी सहाला जायचं, दुपारी दोनला सुटायचं. संध्याकाळ मोकळी असल्यामुळे अण्णांचं करता येईल, असं तिने धाकट्या भावाला फोनवर सांगितलं होतं. धाकटा दुसऱ्या गावी नोकरीला होता. घरातल्या जुन्या वायरिंगमुळे आग लागली असं सगळे म्हणत होते, आणि घरमालकाला सोडायचं नाही असं धाकट्याने मनाशी पक्कं केलं होतं.

पहिल्याच दिवशी तिने चहासाठी शेगडी लावली. तार तांबडी होऊ लागली तसे अण्णा उठले आणि भिंतीला धरून बाहेर जिन्यावर जाऊन बसले.

"अण्णा, चहाच ठेवतेय."

"ठेव, ठेव. मी आहे इथे."

असं तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी तिने शेगडी उचलली आणि खालच्या मजल्यावरच्या बाईंना देऊन टाकली.

मग पाव, दूध, केळी, काकडी. बाहेरचं अण्णांना सोसत नसे. पावही अर्धा टाकायचे. महिन्याभरात सदऱ्याची कॉलर गळ्याभोवती सैल झाली. जन्मभर ज्या माणसाला भाताशिवाय जेवल्यासारखं वाटलं नाही, तो पावावर कसा जगणार, असं तिच्या मनात आलं.

लाँड्रीत बॉयलर सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे इंजिनकाका म्हणत. तरुणपणी ते मालवाहू जहाजावर होते. त्यांच्यापाशी तिने विषय काढला.

"घरात काही पेटवायचं नाही, विजेचंही काही लावायचं नाही. मग भात कसा करायचा हो?"

"थर्मास आहे? रुंद तोंडाचा?" काकांनी विचारलं. तिने मान डोलावली. "मग झालं की. उकळतं पाणी मी देतो. भात तू घरी जाता जाता शिजेल."

पहिला भात फसला. वर लगदा आणि आत कच्चे दाणे, वाळूसारखे दाताखाली येणारे. तिने तो रस्त्यातच चाखला आणि घरी न नेता पाखरांना टाकला.

"थर्मास गार होता ना?" काकांनी दुसऱ्या दिवशी विचारलं. "मग निम्मी ऊब त्यानेच खाल्ली. आधी नुसतं उकळतं पाणी भरून पाच मिनिटं ठेवायचं, ते ओतून टाकायचं, मग तांदूळ. आणि तांदूळ सकाळपासून भिजलेला हवा. जास्त घालू नकोस, मूठ-दीड मूठ बास. त्याला फुगायला जागा लागते."

तिने तसंच केलं. सकाळी तांदूळ धुऊन डब्यात भिजत घातले आणि कामावर नेले. दोन वाजता थर्मास तापवला, तांदूळ निथळून आत टाकले, मीठ घातलं, बॉयलरच्या नळाचं पाणी ओतलं आणि झाकण घट्ट फिरवलं. शालीत गुंडाळलेला थर्मास पोटाशी धरून ती पंचवीस मिनिटं चालत घरी आली. मधूनमधून तो आडवा-उभा करत होती. घरी आल्यावर अर्धा तास तो तसाच गोधडीत ठेवला. झाकण उघडलं तेव्हा वाफ आली आणि खोलीभर भाताचा वास पसरला. शीत न् शीत शिजलं होतं.

तिने ताट वाढून अण्णांपुढे ठेवलं. त्यांनी पाहिलं आणि ताट हाताने दूर सारलं.

"नको."

"काही पेटवलं नाही हो. कामावरचं गरम पाणी, बाकी त्याचा तोच शिजला."

"भात नको म्हटलं ना."

"मग काय खाणार आहात?" तिचा आवाज चढला. "कितीदा विचारलं, काय हवं ते सांगा. तुम्ही बोलत नाही, जेवत नाही. मी करू तरी काय?"

अण्णांनी ताटाकडे पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाले, "त्या दिवशी भात मी लावला होता."

तिला आधी कळलंच नाही.

"तुझ्या आईला ताप होता. ती आत निजली होती. म्हटलं, आज आपण करू. शेगडीवर पातेलं ठेवलं. एका गिऱ्हाईकाची वही बांधून तयार होती, ती द्यायला खाली उतरलो. दहा मिनिटांत येतो म्हटलं. तो माणूस गप्पिष्ट, मीही बसलो. शेगडीजवळ फडका राहिला होता. परत आलो तर जिन्यात धूर, आणि लोक मला वर जाऊ देईनात." ते थांबले. "लोकांनी वायरिंग म्हटलं. मी नाही म्हटलं नाही."

थोरली ताट उचलून ओट्यावर ठेवून आली. ती जिन्यावर जाऊन बसली. तिला रडू येत नव्हतं. तिला राग आला होता, आणि अशा मोडलेल्या म्हाताऱ्याचा राग येतो याची लाज वाटत होती.

पुढचे आठ दिवस दोघं कामापुरतं बोलले. पाव आणि दूध ती त्यांच्यापुढे ठेवायची आणि स्वतः खिडकीशी पाठमोरी बसून खायची.

"थर्मास रुसला का?" इंजिनकाकांनी विचारलं. ती चादरींच्या गठ्ठ्यावर बसली आणि तिने त्यांना सगळं सांगितलं. दुसऱ्या कोणाला ती ते सांगू शकली नसती.

काका हात पुसत ऐकत होते.

"जहाजावर असताना माझ्याकडून वाफेचा एक व्हॉल्व्ह उघडा राहिला," ते म्हणाले. "एका खलाशाचा हात गेला. त्याने मला माफ केलं नाही. तोंडावर सांगितलं तसं. पण समोर आला की बोलायचा, शेजारी बसून जेवायचा. मला तेवढं पुरलं, ताई."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तांदूळ भिजत घातले.

दुपारी तिने दोन ताटं घेतली आणि अण्णांसमोर बसली.

"अण्णा, माफ केलं असं मला आज म्हणता येणार नाही. पुढे येईल का, तेही ठाऊक नाही. पण तुम्ही जेवायला हवं. मी बसलेय इथे."

अण्णांनी पहिला घास तोंडात घातला आणि कितीतरी वेळ तो गिळला नाही. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. चार घास खाल्ले.

"पाणी थोडं जास्त झालं," ते म्हणाले.

"उद्या कमी घालते."

त्यानंतर तांदूळ निवडणं, धुणं, भिजवणं अण्णांनी आपल्याकडे घेतलं. किती मुठींना किती पाणी, हे दोघांनी तीन-चार दिवसांत बसवलं. कधी ते दोनच्या सुमाराला लाँड्रीच्या फाटकाशी येऊन उभे राहायचे आणि परतताना थर्मास स्वतः धरायचे. रस्त्यात फारसं बोलणं व्हायचं नाही.

रविवारी धाकट्याचा फोन आला. घरमालकावर तक्रारीचा कागद तयार झाला होता, त्यावर अण्णांची सही हवी होती. थोरलीने फोन हातात धरून अण्णांकडे पाहिलं. त्यांनी हात पुढे केला.

"सही मी करणार नाही," ते म्हणाले. "त्या माणसाचा काही दोष नाही. ऐक." आणि त्यांनी सगळं सांगितलं, वही, गिऱ्हाईक, फडका, जिन्यातला धूर. मध्ये कुठेही थांबले नाहीत. पलीकडून फोन ठेवल्याचं कळलं.

सोमवारी अण्णा घरमालकाकडे गेले आणि त्यालाही तेच सांगून आले.

पुढचे दोन रविवार फोन वाजला नाही. थोरलीने लावला तर धाकट्याने उचलला नाही. अण्णा त्याबद्दल काही विचारत नसत. रोज तांदूळ मात्र भिजत घालत. तिसऱ्या रविवारी ती चादर घडी करत असताना फोन आला. धाकट्याचा आवाज बसलेला होता.

"अण्णा जेवतात का?"

"जेवतात."

"काय खातात?"

तिने चादरीची घडी खाली ठेवली. "भात," ती म्हणाली.



"फोन दे त्यांना," तो म्हणाला.