शंभर टक्के पुनर्वसन

यशराजदादांनी आयुष्यात कोडची एकच ओळ लिहिली आणि ती थेट सरकारी पोर्टलमध्ये जाऊन बसली.

साताऱ्यात राधिका रोडला, बॅटरीच्या दुकानावर दादांची सॉफ्टवेअर कंपनी. कंपनीत कोड येणारी माणसं दोन, त्यांतली एक अक्षता. दादा त्या दोघांत नव्हते. ते मालक होते.

पोर्टल होतं धरणग्रस्तांचं. साठेक वर्षांपूर्वी गावं पाण्याखाली गेली, त्यातली १८४२ कुटुंबं सांगलीकडच्या वसाहतींत येऊन राहिली. पोर्टलमध्ये एका तक्त्यात ही कुटुंबं, दुसऱ्या तक्त्यात त्यांना मिळालेल्या जमिनींच्या नोंदी. कुटुंबाला जोडलेली नोंद सापडली तर नावापुढे हिरवा ठिपका आणि ‘पुनर्वसन पूर्ण’. नाही सापडली तर ‘अर्ज करा’ असं बटण. तपासायचं होतं ते एवढंच. अक्षता त्या आठवड्यात बहिणीच्या लग्नाला गेली होती, दुसरा आजारी होता, म्हणून दादांनी ते स्वतः उरकलं.

तेव्हापासून पोर्टलवर १८४२ हिरवे ठिपके होते. साठ वर्षं रखडलेलं काम एका दुपारी संपलं याचं कुणालाही नवल वाटलं नाही. पुनर्वसनाच्या साहेबांनी अभिनंदनाचं पत्र धाडलं, दादांनी त्याला चौकट केली. येत्या मंगळवारी सांगलीत मोठ्या पडद्यावर आकडा दाखवून काम संपल्याचं जाहीर व्हायचं होतं. त्यानंतर अर्ज कायमचे बंद.

शुक्रवारी सकाळी, दोन एसट्या बदलून, नानासो आले. सत्तरी ओलांडलेले, हातात पोर्टलवरून काढलेला कागद.

“ह्ये तुमीच केलंय न्हवं?”

“हो, नाना. काय झालं?” अक्षताने विचारलं.

“मला जमीन मिळालीया म्हणतंय.”

“मग चांगलंच की.”

“लय चांगलं हाय. फकस्त कुठं हाय तेवढं सांगा. कुळव घालायचा तर जागा ठाव पायजे.”

कागदावर गट क्रमांकापुढे ‘लवकरच’ असं छापलं होतं. रिकामी जागा बरी दिसत नाही, तिथं काहीतरी आशादायक टाका, ही दादांचीच सूचना.

अक्षताने कोड उघडला आणि ती ओळ वाचून तिला दादांची कीवसुद्धा आली नाही. ज्या तयार सांगाड्यावर पोर्टल उभं होतं, त्या फ्रेमवर्कमध्ये नोंद आहे का हे विचारताना शेवटी ‘एक्झिस्ट्स’ हा शब्द लावावा लागतो. मग ते डेटाबेसात जाऊन खरोखर बघून येतं. दादांनी तो शब्द लावला नव्हता. त्यामुळे त्यांची ओळ ‘या कुटुंबाला जमिनीची नोंद आहे का’ असं विचारतच नव्हती. कुटुंब आणि जमीन यांचं नातं कोडमध्ये मांडलंय का, एवढंच विचारत होती. ते मांडलेलं होतंच, अक्षतानेच मांडलेलं, सगळ्यांसाठी एकदम. साखर आली का बघायला पाठवलेला माणूस रेशन दुकानाची पाटी वाचून ‘आहे’ म्हणत परत यावा, तसं उत्तर १८४२ वेळा येत होतं.

ती दादांच्या केबिनमध्ये गेली.

“दादा, नोंद न बघताच हिरवं दाखवतंय.”

“एरर येतोय का?”

“नाही.”

“मग झालं तर.” जे एरर देत नाही ते बरोबर, अशी दादांची समज होती आणि तेवढ्यावर त्यांनी कंपनी काढली होती. “मंगळवार जाऊ दे गं. बुधवारी बघू.”

“बुधवारी अर्ज बंद झालेले असतील.”

“मग तर प्रश्नच मिटला,” दादा म्हणाले आणि कार्यक्रमाच्या बॅनरवर आपला फोटो केवढा येतोय ते बघायला निघून गेले.

अक्षताने जागेवर येऊन तो एक शब्द लावला. हिरवे ठिपके ६१७ उरले. नानासोंच्या नावापुढे बटण आलं. तिने त्यांना एकेक माहिती विचारत अर्ज भरला, आणि त्यांच्या फोनवर अर्जाचा क्रमांक येऊन पडला.

“झाला, नाना.”

“एवढंच हुतं?” नानासो म्हणाले. “साठ वरसं घालवली की वं.”

ते जिना उतरतात तोच दादा फोन कानाला लावून वर आले.

“साहेब विचारतायत, हे सहाशे सतरा कुठून आले?”

“डेटाबेसातून.”

दादा पाच मिनिटं बाहेर गॅलरीत बोलले आणि मोठा शोध लागल्यासारखे आत आले. “नोंद नाही म्हणून अडतंय ना? मग नोंद कर.”

“कसली?”

“रिकामी. गट नको, क्षेत्र नको. नुसती नोंद. म्हणजे तुझी ती ओळपण खरी झाली. साहेब याला तांत्रिक दुरुस्ती म्हणतायत.”

अक्षताने नोकरीचा विचार केला, दादांच्या तोंडाकडे पाहिलं आणि संध्याकाळपर्यंत १२२४ रिकाम्या नोंदी केल्या.

“एक राहिली,” ती म्हणाली. “अर्ज आलाय ना, त्यामुळे सिस्टीम घेत नाही.”

ही शुद्ध थाप होती. पण दादांना ती तपासता येण्यासारखी नव्हती, आणि असं काही त्यांना कळत नाही हे त्यांनी कुणाला कळू दिलं नसतं.

मंगळवारी सांगलीत पडद्यावर ९९.९५ टक्के झळकले. प्रमुख पाहुण्यांनी हाराआडून विचारलं, “शंभर का नाहीत?” साहेबांना घाम फुटला. एका म्हाताऱ्यामुळे आकडा अडलाय म्हटल्यावर सगळं कार्यालय कामाला लागलं. नानासोंना साठ वर्षं न मिळालेली दोन एकर नऊ दिवसांत मिळाली.

दहाव्या दिवशी नानासोंचा अक्षताला फोन आला.

“ताई, मोजणीवालं आल्यात. रान काळंभोर हाय.”

“छान झालं, नाना.”

“आमच्या शेजारची पारूबाई, माज्याच गावची. तिचा बी अर्ज भरायचा हुता. कवा घिऊन येऊ?”

“तिचा नाही भरता येणार.”

“का? तिला तर कायबी मिळालं न्हाई.”

“तिची नोंद आहे, नाना.”

“जमिनीची?”

“नुसती नोंद. जमीन नाही.”

मागं मोजणीवाले आकडे ओरडत होते.

“आन ही नोंद केली कुनी?”

दादांचं नाव अक्षताच्या ओठावर होतं, साहेबांचंही होतं.

“मी केली,” ती म्हणाली.