व्याह्यांची तिसरी फुली

एसटीत एकतीस वर्षं कंडक्टरकी केलेल्या माणसाला उभं राहायची सवय सुटत नाही, आणि माणसं मोजायची खोड तर मेल्यावरच जाते. बोरखेडच्या उत्तरेश्वर अप्पांना रिटायर होऊन चार वर्षं झाली, तरी घरात त्यांना निवांत बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. ओसरीवरून अंगणात, अंगणातून गच्चीवर, कारण रेंज तिथंच नीट यायची, आणि गच्चीवरून परत ओसरीवर. हातात फोन, आणि फोनात अख्खं गाव.

गाव म्हणजे 'आपलं बोरखेड' हा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. चारशे बारा माणसं. ढोकीपासून आठ किलोमीटरवरच्या या गावात इतकी माणसं मयतीलासुद्धा गोळा होत नाहीत. ग्रुप काढला होता नळाला पाणी कधी सुटणार ते कळावं म्हणून. पण पाणी सुटायचं आठवड्यातून एकदा, मधले सहा दिवस माणसांनी करायचं काय? राजकारण सुरू झालं. अप्पा अ‍ॅडमिन.

चारशे बाराही माणसं अप्पांना पाठ होती. कोण पहाटे पाचला फुलांची परडी टाकतो, कोण वाचून गुमान बसतो आणि संध्याकाळी पारावर त्याच गोष्टी आपल्या म्हणून सांगतो, कोण बायकोशी भांडण झालं की सरकारवर घसरतो. सगळ्याचा हिशोब डोक्यात, आणि डोक्यात मावेना तो वहीत.

नियम तीन. राजकारणावर काय वाटेल ते लिहा, पण कुणाच्या आईबापावर जायचं नाही. बातमी टाकाल तर ती कुठनं आली ते सांगायचं. आणि एकाच माणसानं आपल्या दोन नंबरांवरून स्वतःलाच शाबासकी द्यायची नाही. हा तिसरा नियम शंभुलिंग पाटलांमुळं करावा लागला होता. नियम मोडला की वहीत नावापुढं तांबडी फुली. तीन फुल्या झाल्या की माणूस महिनाभर बाहेर. सरपंच बाहेर बसून आले होते. अप्पांचा सख्खा मेहुणा बलभीम गेल्या दिवाळीत बाहेर होता. भाऊबीजेला आला तो ओसरीवर न चढता, अंगणातच बहिणीकडून ओवाळून घेऊन परत गेला. बायको मथुराबाई चार दिवस अप्पांशी बोलली नाही. अप्पांनी फुली खोडली नाही.

असा माणूस चुकला तो साखरपुड्यात.

मुलगी शिवांजली हिचं सोनारीच्या कृष्णराजशी जमलं. पोरगा चांगला, नोकरी चांगली. पोराचे वडील मल्लिकार्जुन गुरुजी, मुख्याध्यापक म्हणून रिटायर झालेले. मांडवात टॉवेल-टोपी झाली, नारळ झाला, फेटा झाला. तरी अप्पांना वाटलं, अजून काहीतरी मान द्यावा. माईक हातात घेऊन त्यांनी सांगितलं, "आजपास्नं व्याही आपल्या गावचेच. म्या त्यांला आत्ता, तुमच्या सगळ्यांच्या देखत, ग्रुपमधी घेतो." मांडवानं टाळ्या वाजवल्या. गुरुजींनी फेटा सावरत हात जोडले.

दोन दिवस गुरुजींनी फक्त वाचलं. तिसऱ्या दिवशी भाऊसाहेबांनी पक्ष बदलला.

भाऊसाहेब म्हणजे आमदारकीला दोनदा पडलेले, तरी निम्म्या बोरखेडचा देव. बातमी सकाळी आली. निम्मा ग्रुप खूश, निम्मा तोंड लपवून. तेवढ्यात गुरुजी उतरले: "बाजारात बैल बदलतानासुद्धा माणूस आधी दात बघतो. बोरखेडकर पंधरा वर्षं शेपटी धरूनच चालले."

गाव हसलं. नियम काही मोडला नव्हता, म्हणून अप्पाही गच्चीवर एकटेच हसले. पण छत्तीस वर्षं वर्गात ज्याला कुणी उलटून बोललं नाही, त्याला आता चारशे बारा पोरांचा वर्ग सापडला होता. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी रिकाम्या खुर्च्यांचा फोटो टाकला, 'काल भाऊसाहेबांची सभा'. फोटो तीन वर्षांपूर्वीचा, तोही दुसऱ्याच जिल्ह्यातला. पहिली फुली. मग शंभुलिंग पाटलांना लिहिलं, "तुमच्या वडिलांना तरी कुठं अक्कल होती?" दुसरी.

दोन्ही फुल्या अप्पांनी मारल्या खऱ्या. पण तांबडा पेन जवळच पडलेला असताना त्यांनी हात लांबवून पेन्सिल घेतली.

सोमवारी सकाळी तिसरी वेळ आली. ग्रामपंचायतीच्या ठरावावर वाद चालला होता, आणि व्यंकट नावाचा चढ्या आवाजाचा गडी भाऊसाहेबांची बाजू घेऊन लिहीत होता. त्याची आई म्हाळसाबाई ग्रामपंचायत सदस्य. गुरुजींनी लिहिलं: "ठरावावर अंगठा म्हाळसाबाईंचा की व्यंकटचा? आईचा अंगठा पोराच्या हाताला चिकटलाय असं ऐकतो." खाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले तीन चेहरे.

अप्पा ओसरीवरून अंगणात गेले, अंगणातून गच्चीवर. फोन थरथरला. व्यंकट: "अप्पा, वही काढा." मागोमाग शंभुलिंग: "वही." मग बलभीम, सख्खा मेहुणा: "वही बघू द्या दाजी." बघता बघता साठ-सत्तर जणांनी एकच शब्द लिहिला. अप्पांना उतरत्या घाटात ब्रेक न लागणाऱ्या गाडीत उभं असल्यासारखं झालं.

"काय झालं वो? मघापास्नं वरखाली वरखाली," मथुराबाईनं विचारलं.

अप्पांनी सांगितलं.

"मग? सोयऱ्याला भर रस्त्यात गाडीतनं उतरवता व्हय? बेस्तरवारी बार्शीला बस्ता हाय. ती माणसं आली न्हाईत तर लग्नाचं कापड काय एकट्यानंच घ्यायचं? पोरीचं जमलेलं मोडंल, कळतंय का?"

"कळतंय."

"फोन ठेवा मग तो."

अप्पांनी फोन खुंटीवरच्या पिशवीत टाकला. तो पिशवीतूनच घुं घुं करत राहिला. पाच मिनिटांनी त्यांनी तो पुन्हा काढला.

त्याच वेळी व्यंकट अंगणात आला. पण एकटा नाही. पुढं म्हाळसाबाई, डोक्यावर पदर, पायात रानातला चिखल वाळलेला.

"या वहिनी, बसा."

"बसायला न्हाय आले भावजी. ती वही म्हणत्यात ती दावा."

वही दाखवणं भाग होतं. म्हाळसाबाईनं पानं उलटली. सरपंच, तांबडं. बलभीम, तांबडं. तिचा स्वतःचा व्यंकट, तीन ठसठशीत तांबड्या फुल्या, गेल्या आषाढात महिनाभर बाहेर. मग शेवटचं पान.

व्यंकटनं खांद्यावरून वाकून बघितलं. "अप्पा, हे पेन्सिलीनं?"

अप्पांनी खिशातला तांबडा पेन काढून परत खिशात खोचला.

"आमच्या येळंला पेन, अन् सोयऱ्याच्या येळंला पेन्सिल? वा! खोडरबर पण ठिवलाय का जवळ?"

"व्यंकट, तू गप," म्हाळसाबाई म्हणाली. "पेन द्या भावजी. तांबडा असंल तरी चालंल."

अप्पांनी पेन दिला. बाईनं वही गुडघ्यावर ठेवली, आणि गुरुजींच्या नावाखाली सावकाश, जीभ दाताखाली धरून, आपलं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव लिहिलं. वर रेघ ओढली. "पाचवी शिकलेय. ठरावावर सही बी अशीच करते. तुमच्या व्याह्यांला फोटो पाठवा न्हायतर पाठवू नका, तुमची मर्जी." आणि ती आली तशी निघून गेली. व्यंकट मागं वळून बघत बघत गेला.

शिवांजली दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"तू आत जा," अप्पा म्हणाले.

"जाते. पर अप्पा, तिथं नांदायला मी जाणार हाय, तुम्ही न्हाय. आत्ता तुम्ही पेन्सिल धरली, तर तिथं मला जन्मभर पेन्सिलच धरावी लागंल."

"जमलेलं मोडलं तर?"

पोरीनं हातातल्या फोनाकडं बघितलं. कृष्णराजचे मेसेज तिच्याही फोनात रोज येत होते, आणि ते तिला आवडत होते हे घरात सगळ्यांना माहीत होतं. "मोडलं तर रडंन," ती म्हणाली. "पर काढा."

अप्पा गच्चीवर गेले. गुरुजींना फोन लावला. दोनदा लागला नाही, तिसऱ्यांदा उचलला.

"बोला व्याही! सकाळचं वाचलं का? कसं टोचलं?"

"लई टोचलं गुरुजी. त्याच्यासाठीच फोन केला. तिसरी फुली झाली. महिनाभर तुम्हाला बाहेर ठेवावं लागतंय."

"मला?"

"व्हय."

"मांडवात माईकवरनं घेतलं तुम्ही मला. आता काढणार तेही माईकवरनंच का?"

"चुकलं ते माईकचं. पर काढतो."

फोन कट झाला. अप्पांनी बोट दाबलं. चारशे तेरांचे पुन्हा चारशे बारा झाले. खाली येऊन त्यांनी पेन्सिलीच्या फुल्या तांबड्या केल्या आणि तिसरी मारली. ग्रुपवर कुणी काही लिहिलं नाही. व्यंकटनंसुद्धा नाही.

मग तीन दिवस सोनारीहून काही नाही. ना फोन, ना सकाळची फुलं. कृष्णराजनं शिवांजलीला एवढंच कळवलं, 'घरात नाव काढू देत नाहीत.' मथुराबाईनं स्वयंपाक केला, पण भांडी अशी आदळली की शेजारीण विचारायला आली. अप्पा चालत राहिले. एका दुपारी तर ते गच्चीवरून ओसरीवर नि ओसरीवरून गच्चीवर किती वेळा गेले ते शिवांजलीनं मोजलं आणि सांगितलं नाही.

गुरुवारी अप्पा, मथुराबाई आणि शिवांजली अशी तिघं बस्त्याला बार्शीला गेली. ठरलेलं दुकान, ठरलेली वेळ दहाची. गादीवर बसले. दुकानदारानं विचारलं, "पावणे मंडळी?"

"येतायत," अप्पा म्हणाले. साडेदहा झाले, अकरा वाजले. दुकानदारानं शालू काढले आणि नुसते मांडून ठेवले. अप्पा पायरीवर जाऊन रस्ता बघायचे आणि परत यायचे. सव्वाअकराला मथुराबाईनं पदर तोंडाला लावला.

साडेअकराला जीप थांबली. पुढून गुरुजी उतरले, मागून विहीणबाई, कृष्णराज, दोन चुलत्या. गुरुजींनी अप्पांना रामराम घातला, तोही दुकानदाराकडं बघत. गादीवर बसले ते अप्पांपासून दोन हात सोडून.

"दाखवा," म्हणाले.

शालू उलगडू लागले. बायका बोलू लागल्या. तेवढ्यात अप्पांचा फोन थरथरला. मल्लिकार्जुन गुरुजींनी तुम्हाला 'सोनारी-बोरखेड सोयरे' या ग्रुपमध्ये घेतलं. अ‍ॅडमिन: मल्लिकार्जुन गुरुजी. माणसं एकूण अडतीस, दोन्हीकडची सगळी सोयरी, बलभीमसुद्धा. पहिला मेसेज नियमाचा: 'या ग्रुपमध्ये एकच नियम. अ‍ॅडमिनला उलटून बोलणाऱ्यास कायमचं काढलं जाईल.'

आणि त्याखाली लगेच बातमी: भाऊसाहेबांनी बोरखेडचा रस्ता रद्द केला. सोबत एक पत्र.

अप्पांनी पत्र मोठं करून बघितलं. सही दुसऱ्याच खात्याची, गाव भलतंच. त्यांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. गुरुजी नारळी काठाची साडी न्याहाळत होते, पण फोन मांडीवर उताणा होता आणि अंगठा त्यावर. बलभीमनं तिकडून विचारलं होतं, 'खरं का?' शिवांजलीच्या हातात फोन होता. कृष्णराजच्याही. विहीणबाई हसत हसत काहीतरी सांगत होत्या, आणि दुकानात कुणीच ते ऐकत नव्हतं.

व्याह्याला तोंडावर खोटं ठरवायचं नाही, ही रीत अप्पांना ठाऊक होती. त्यांनी एकदा लिहिलं, खोडलं. पुन्हा लिहिलं. मथुराबाईनं त्यांच्या गुडघ्याला चिमटा घेतला. त्यांनी पाठवलं.

'गुरुजी, पत्र खोटं आहे. सही रस्त्याच्या खात्याची नाही आणि गावही दुसरं आहे. कृपया काढावं.'

अडतीस फोनांपैकी सात त्या एकाच गादीवर होते. अप्पांचा सोडून बाकीचे सहाही वाजले.

गुरुजींनी चष्मा चढवला. वाचलं. पत्र उघडलं, दोन बोटांनी ताणलं, डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं. मग गुरुजींचा अंगठा स्क्रीनवर बराच वेळ दाबलेला राहिला.

अप्पांच्या फोनात बातमीच्या जागी एक राखाडी ओळ आली: हा मेसेज डिलीट केला गेला. ग्रुपमधली माणसं मात्र अजून अडतीसच होती.

गुरुजींनी चष्मा काढून पुसला.

"हा रंग पोरीला उठणार न्हाय," ते दुकानदाराला म्हणाले. "दुसरा दाखवा. अन् व्याह्यांला जरा पुढं सरकू द्या, त्यांला तिथनं दिसत नसंल."