एक कुत्रा, दोन हाका

हलू नका! अस्सं. झालं, टिपलं तुम्हाला.

दचकलात ना? मी कॅमेरा बोलतोय. रोल घालून चालणारा, जुन्या घडणीचा, गळ्यात अडकवला की मान दुखवणारा. पाहिलेलं सगळं पोटात ठेवायचं, हा माझा धर्म. पण गेल्या काही दिवसांत असं काही पाहिलंय की सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

माझा जन्म कारखान्यातला. डोळ्याला भिंग लावलेल्या एका बाईने माझा शटरचा पडदा बसवला, बटण दाबून पाहिलं आणि माझा पहिला 'खट्ट' ऐकून समाधानाने मान डोलावली. तिथून मी थेट एका फोटोग्राफरच्या स्टुडिओत आलो.

मालक भला माणूस, पण तिथे मी पार कंटाळलो. तीन पायांच्या घोडीवर उभं राहायचं आणि एकाच निळ्या पडद्याकडे बघायचं. दाराबाहेर खिदळणारी माणसं आत येऊन स्टुलावर बसली की त्यांना काय व्हायचं कोण जाणे! खांदे वर, श्वास बंद, चेहऱ्यावरची माशी हलायची नाही. मालक म्हणायचे, "हनुवटी जरा खाली. हसा, पण दात नकोत." मग माणूस असा हसायचा, जणू कोणी चिमटा काढलाय.

पुढे मालकांची नजर गेली, स्टुडिओ बंद झाला आणि मी कपाटात गेलो. खाली स्वेटर, वर स्वेटर. माझ्या भिंगाच्या कडेला बुरशी धरली. आता आपला खेळ संपला, असं मी धरूनच चाललो होतो.

मालक गेल्यावर त्यांच्या मुलीने कपाट आवरायला काढलं. ती, म्हणजे आमची ताई, दाताच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसते. दुखरे गाल धरून आलेल्यांना नंबर देते. तिने मला उचललं, डोळ्याला लावलं आणि बराच वेळ खाली ठेवलंच नाही. दुसऱ्या दिवशी ती मला दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेली. बुरशी पुसली गेली, नवा पट्टा आला आणि मी आयुष्यात पहिल्यांदा रस्त्यावर उतरलो. काय सांगू तुम्हाला! ऊन, धूळ, हॉर्न, पळणारी सावली. कुणीही श्वास रोखून बसलेलं नाही!

पण ताईला एक भीती होती, कुत्र्यांची. लहानपणी एकाने तिची पोटरी फोडली होती. लांबून शेपूट दिसली की ती फुटपाथ बदलायची. असंच एकदा तिने पाहिलं, सलूनमध्ये गिऱ्हाईक नव्हतं, न्हावी स्वतःच खुर्चीत मान टाकून झोपला होता आणि पायाशी त्याचा कुत्रा. दोघांची तोंडं सारखीच उघडी. तिने मला डोळ्याला लावलं. खट्ट! कुत्र्याने एक डोळा उघडला, तिला पाहिलं आणि पुन्हा मिटला. तिने माझा पट्टा घट्ट आवळला. पण ती पळाली नाही.

त्या दिवसापासून तिला छंद लागला तो हाच, रस्त्यावरची माणसं आणि त्यांचे कुत्रे.

आणि एक गंमत तिच्याआधी मला कळली. माणसाला म्हणा, "तुमचा फोटो काढू का?" लगेच उत्तर येतं, "नको हो, अवतार बघा माझा." पण म्हणा, "तुमच्या कुत्र्याचा काढू का?" की तोच माणूस म्हणतो, "थांबा, त्याचा पट्टा सरळ करतो." स्वतःची कॉलर वाकडी असली तरी चालते, कुत्र्याची नको! दाराएवढा धिप्पाड माणूस मुठीएवढं पिल्लू जाकिटात घालून चाललेला मी टिपलाय. फोनवर कुणाला तरी फैलावर घेताना पायाच्या अंगठ्याने कुत्र्याचा कान खाजवणारी बाई टिपलीय. माणूस आपल्या कुत्र्याकडे बघतो तेव्हा मला साफ विसरतो. तोच तो क्षण! त्यासाठी मी इतकी वर्षं थांबलो होतो.

एका सकाळी बागेजवळच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ भेटले. निवृत्त बस ड्रायव्हर. बायको गेलेली, घरात एकटे. शेजारी तपकिरी कुत्रा, एक कान ताठ आणि एक दुमडलेला. नाव काय, तर साहेब.

"आयुष्यभर साहेबांनी मला दम दिला," ड्रायव्हरकाका म्हणाले, "आता मी साहेबाला दम देतो."

साहेब दुपारी फिरतीवर जातो आणि संध्याकाळी हजर होतो, असंही त्यांनी कौतुकाने सांगितलं. पुढच्या महिन्यात ते मुलाकडे, दुसऱ्या गावी कायमचे राहायला जाणार होते. साहेबालाही नेणार होते. मुलाने आग्रहच धरला होता म्हणे. हे सांगताना ते बाकाच्या कडेचा रंग नखाने खरवडत होते.

दोन-तीन दिवसांनी, दुपारी, ताई वेगळ्याच गल्लीत शिरली. तिथे एका शिंपीणबाईंचं दुकान. दाराशी खुर्चीत त्यांचे यजमान बसलेले आणि त्यांच्या मांडीत डोकं खुपसून एक कुत्रा झोपलेला. यजमानांना अर्धांगाचा झटका आला होता आणि वाचा गेली होती. शिंपीणमावशींनी मशीन थांबवून सांगितलं की औषधं झाली, व्यायाम झाले, तोंडातून अक्षर फुटलं नाही. मग एक दिवस हा कुत्रा कुठूनसा आला आणि हे म्हणाले, "आला." आता रोज म्हणतात. तेवढा एकच शब्द.

"आम्ही ह्याला जावई म्हणतो," मावशी म्हणाल्या. "बरोबर जेवणाच्या वेळेला येतो आणि वाढल्याशिवाय हलत नाही."

ताईने फोटो काढला. मी मात्र ओळखलं होतं. अहो, भिंग आहे माझं! पण मला तोंड कुठे?

रविवारी तिने न्हाणीघराच्या झरोक्याला काळा कपडा लावला, लाल दिवा पेटवला आणि फोटो धुवायला घेतले. दोन तबकांत दोन कागद हळूहळू उमटू लागले. एका कागदावर दुमडलेला कान. दुसऱ्यावरही तोच कान.

"अगं बाई," ती पुटपुटली, "साहेबच जावई आहे."

दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. हा चांगला गुबगुबीत झाला होता!

पण ताईला हसू टिकेना. सांगावं तर काकांचं मन दुखणार. न सांगावं, तर एके दुपारी त्या खुर्चीतला माणूस वाट बघत राहणार. शेवटी ती मला गळ्यात घालून दोन्ही फोटो घेऊन बाकाकडे गेली. काकांनी दुसरा फोटो लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाले, असे कान पुष्कळांचे असतात. ताईने वाद घातला नाही. एकदा दुपारी माझ्याबरोबर चला, एवढंच म्हणाली.

आम्ही दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे उभे राहिलो. कोपऱ्यावरून साहेब डुलत डुलत आला. खुर्चीतला हात उचलला गेला.

"आला."

इतक्यात कुत्र्याला ड्रायव्हरकाका दिसले. तो भर रस्त्यात थबकला. इकडे बघतो, तिकडे बघतो, शेपूट हलवावी तर कुणासाठी? असा रंगेहाथ पकडलेला चेहरा मी जन्मात पाहिला नव्हता. खट्ट!

काका रस्ता ओलांडून गेले. मावशींनी विचारलं, काही शिवायचंय का? त्यांनी टोपी काढली.

"नाही. हा तुमचा जावई माझ्या घरचा आहे. म्हणजे आपण व्याही लागतो, बाई."

मावशी हसल्या. मग ताईने हळूच काकांच्या जाण्याचं सांगितलं आणि मावशींचा हात मशीनच्या चाकावर तसाच राहिला.

"नेणार त्याला?"

काका हातातली टोपी फिरवत राहिले. आणि तेव्हा खुर्चीतल्या माणसाने त्यांच्याकडे पाहिलं, कुत्र्याकडे पाहिलं. ओठ थरथरले, मानेची शीर ताणली गेली.

"बस."

नवा शब्द! मावशींनी तोंडावर हात धरला. कोणाला म्हणाले, कुणाला कळलं नाही. कुत्रा मटकन खाली बसला आणि काकाही पायरीवर बसले. ताईचे डोळे भरले होते, तिला माझ्यातून काही दिसत नव्हतं. तिने अंदाजानेच बटण दाबलं. माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर फोटो तो, किंचित तिरका.

काकांनी तिथूनच मुलाला फोन लावला. "येत नाही रे मी," ते म्हणाले. "साहेबाची बदली रद्द झाली." पलीकडून बरीच बोलणी बसली असावीत. पण काकांनी नखाने काहीच खरवडलं नाही. ते कुत्र्याचा दुमडलेला कान उलटा-सुलटा करत बसले होते.

आता रोज दुपारी त्या दुकानात एक खुर्ची जास्त असते. यजमानांचे शब्द वाढतायत, त्यातला एक शिवीचा आहे असं मावशी म्हणतात. माझं कातडं सुटलंय, पडदा थंडीत आळसावतो, पण ताई मला घरी ठेवून जात नाही. परवा एका अनोळखी कुत्र्याने तिचा हात चाटला आणि तिने तो पुसलासुद्धा नाही.

तेव्हा एक विनंती. कधी कुणी रस्त्यात गुडघे टेकून तुमच्याकडे माझ्यासारखं काही रोखलं, तर केस नीट करू नका, हनुवटी खाली घेऊ नका. आपल्या कुत्र्याकडे बघत राहा. बाकीचं मी बघून घेतो.

चला, निघतो. तिकडून कुणीतरी येतंय, दोन पाय आणि चार पाय, आणि कोण कुणाला ओढतंय ते अजून नीट दिसत नाहीये!